शिवोलीचा एकटा गायक

वर्धा नदीपलीकडच्या मोझरीहून तुकडोजी महाराजांची खंजिरी ज्या मुलखाने ऐकली, त्याला एका आवाजाचे बळ आम्ही काय सांगावे? तरीही आज आर्वीकरांसमोर आम्ही गोव्याच्या एका गायकाची कथा ठेवीत आहोत. आमचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले. त्यामुळे गाणे ऐकतानाही आमच्या मनात जुनाच प्रश्न उभा राहतो : हत्यार कोणाचे, आणि मालाचा भाव कोण ठरवतो?

रेमो फर्नांडिस यांचा जन्म १९५३ साली पणजीचा. मुंबईत वास्तुशास्त्र शिकत असताना ते 'सॅव्हेजेस' या रॉक वाद्यवृंदात गात असत. पुढे युरोप-आफ्रिकेत भटकंती करून ते गोव्यात परतले आणि बार्देशातील शिवोली गावी राहू लागले. वाद्यवृंद सुटला, गाणी मात्र सुटली नाहीत.

त्या काळी गाणे करणे हे एकट्याचे काम नव्हते. कलकत्त्यात १९०८ साली तबकड्यांचा कारखाना निघाल्यापासून स्टुडिओ, यंत्रे, छपाई आणि दुकानांची साखळी हे सारे कंपन्यांच्या हाती होते. गायकाने गळा आणावा, आणि मिळेल ते घेऊन घरी जावे. कापूस पिकवणारा एक आणि भाव ठरवणारा दुसरा, हा अनुभव या तालुक्याला नवा नाही.

ही कोंडी फोडायला दोन साधने उपयोगी पडली. फिलिप्स कंपनीने १९६३ साली आणलेली लहान कॅसेट हे पहिले, आणि १९७९ पासून मिळू लागलेले चार मार्गांचे घरगुती ध्वनिमुद्रणयंत्र हे दुसरे. त्याची युक्ती अशी. फितीवर चार वेगळे मार्ग असतात. पहिल्यावर गिटार, दुसऱ्यावर ढोल, तिसऱ्यावर बासरी भरावी. मग तिन्ही मिळून चौथ्यावर उतरवावीत. तीन मार्ग पुन्हा मोकळे होतात आणि एकच माणूस नवे सूर चढवू शकतो. मात्र प्रत्येक उतरवणीला फितीची खरखर वाढते, आणि एकदा मिसळलेले सूर पुन्हा वेगळे करता येत नाहीत. म्हणून आधी विचार पक्का हवा.

कंपन्यांनी दाद दिली नाही, तेव्हा अशाच यंत्रावर रेमोंनी घरात 'गोअन क्रेझी' ही कॅसेट तयार केली आणि १९८४ साली बाहेर काढली. शब्द त्यांचे, चाली त्यांच्या, आवाज त्यांचा, वाद्येही त्यांनीच वाजवलेली, वेष्टनसुद्धा त्यांचेच. माल तयार झाल्यावर स्कूटरवर कॅसेटी लादून ते दुकानोदुकानी स्वतः पोचवीत. कारागीर, कारखानदार आणि फेरीवाला एकाच माणसात एकवटले. कंपन्या पुढे आल्या, पण लोकांनी गाणी उचलून धरल्यावर. १९८७ साली 'जलवा' चित्रपटामुळे त्यांचा आवाज देशभर गेला.

या स्वावलंबनाची खरी कसोटी १९८६ साली लागली. पंतप्रधान राजीव गांधी गोव्यात आले असता रेमोंनी त्यांच्यासमोरच त्यांना नावाने हाक मारणारे एक परखड गाणे म्हटले. हा पाहुण्याचा अपमान, अशी वृत्तपत्रांतून ओरड झाली. रेमोंनी ती कात्रणे खुद्द पंतप्रधानांकडे धाडली. आणि गाणे आवडल्याचे उत्तर आले! पंतप्रधानांच्या दिलदारीचे कौतुक आम्हीही करू. परंतु असे गाणे छापायचे की नाही हे ठरवणारा मालक गायकाच्या डोक्यावर असता, तर ते त्या मंचापर्यंत पोचले असते काय? ज्याच्या हाती हत्यार, त्याच्या जिभेवरचे कुलूप निघते.

मग काय, प्रत्येकाने एकट्याने वाट काढावी? येथे आमचा अनुभव आडवा येतो. रेमोंजवळ शिक्षण होते, घर होते, आणि अनेक वाद्यांवर हात होता. चित्रपटांसाठी लिहिणाऱ्या-गाणाऱ्या शेकडो कलावंतांजवळ ते कोठून यावे? १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल चित्रपट-निर्मात्यांच्या बाजूने गेला, आणि गीतकार-संगीतकारांचा आपल्याच गाण्यावरील हक्क दुबळा झाला. तो परत मिळायला २०१२ साल उजाडले. त्या वर्षी स्वामित्वहक्काच्या कायद्यात दुरुस्ती होऊन मानधनातील त्यांचा समान वाटा कोणालाही लिहून घेता येणार नाही असे ठरले. गाणाऱ्यालाही व्यापारी वापरातील वाट्याचा हक्क मिळाला. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत ही बाजू मांडली, आणि तिच्यामागे अनेक कलावंतांचा आग्रह होता.

आज खिशातल्या फोनवर चारच काय, कितीतरी मार्गांचे ध्वनिमुद्रण होते. आर्वीचा मुलगाही आपल्या खोलीत गाणे करून जगापुढे ठेवू शकतो. यंत्र त्याच्या हाती आले. बाजार मात्र पुन्हा दूरच्या मोठ्या कंपन्यांच्या हाती आहे, आणि दर ऐकण्यामागे किती मिळावे हे तो ठरवीत नाही. त्याने शिवोलीच्या स्कूटरवरून धाडस जरूर घ्यावे. पण भावाची गोष्ट निघाली, की चार गाणाऱ्यांना सोबत घेऊनच दार ठोठावावे.