पर्जन्यछायेवर फोडलेलं खापर

शाळेच्या भूगोलापासून दुष्काळी अहवालांपर्यंत एक मत सिद्धान्तासारखं वावरतं: सह्याद्री पाऊस अडवतो, त्याच्या पूर्वेला पर्जन्यछाया पडते, म्हणून बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसच्या नशिबी टंचाई. घाटमाथ्यावर काही हजार मिलिमीटर कोसळणारा पाऊस तिकडे पाचशेच्या आसपास येतो, हे मोजलेलं सत्य आहे आणि ते मला मान्य आहे. माझी हरकत त्या ‘म्हणून’ला आहे.

इंग्रजी ‘शॅडो’ला अर्थ पुष्कळ: अंधार, पडछाया, पाळत, संशय, आसरासुद्धा. हवामानशास्त्राने त्यातला अडथळ्यामागचा अंधार उचलला. मराठीत सावली म्हणजे आधी आसरा. आईबापाची छाया असते. पर्जन्यछायेत आसरा नाही आणि अंधारही नाही. घाट ओलांडून खाली उतरणारी हवा दाबली जाते, तापते, तिच्यातले ढग विरतात आणि ऊन रखरखतं. तरीही ‘छाया’ म्हटलं की ती गोष्ट विधिलिखित वाटू लागते. याच मुलखात माणसाच्या सावलीचाही विटाळ मानला गेला आणि माणसांनीच केलेला तो नियम धर्माच्या नावावर खपला. आपले निर्णय दैवाच्या खात्यावर मांडायची ही खोड जुनी आहे.

आता भाटघर पाहा. 1876-78च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा निघाला आणि त्याच्यासाठी वेळवंडी नदीवर भाटघरला धरण झालं. पुढे त्याला पोटात घेणारं मोठं लॉईड धरण 1928च्या सुमारास पुरं झालं, उजवा कालवाही आला. भोरच्या डोंगरातलं पाणी पूर्वेला पोहोचताच 1930च्या दशकात वालचंदनगर आणि माळीनगरला साखर कारखाने उभे राहिले. वर्षभर पाणी मागणारा ऊस ऐन पर्जन्यछायेत पिकू लागला. त्याच पट्ट्यातल्या बारामती तालुक्यात मात्र कालव्याच्या वरच्या अंगाची जिरायती गावं पावसाकडे डोळे लावून राहिली. दोन्हींवर छाया एकच. फरक केला तो कालव्याच्या रेषेने, आणि ती रेषा माणसांनी आखली आहे.

उलटा पुरावा याहून बोलका आहे. भोर-वेल्ह्याचा पश्चिम भाग छायेत नाहीच. पावसाळ्यात तिथे पाऊस उसंत देत नाही. तिथल्या कितीतरी डोंगरवस्त्यांना मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पाऊस त्यांचा, जमिनी बुडाल्या त्यांच्या खोऱ्यातल्या, आणि पाणी खाली गेलं. त्यांच्या तहानेला कोणती छाया कारण?

कुणी म्हणेल, पाऊस कमी म्हणूनच तर कालवे लागले. खरं आहे. पण एकदा कालवा आला की कोणाला किती पाळ्या, कोणत्या पिकाला किती पाणी, टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यापर्यंत चारी भरून पोहोचते की नाही, हे प्रश्न ढगांचे राहत नाहीत.

दुष्काळाचा अहवाल लिहिणाऱ्यांना एकच विनंती: पर्जन्यमानाच्या रकान्याशेजारी कालव्याच्या आवर्तनांचा आणि उसाखालच्या क्षेत्राचा रकानाही छापा.