देशपांडे, पुरुषोत्तम लक्ष्मण
(८ नोव्हेंबर १९१९–१२ जून २००० ). मराठी साहित्यिक, नाटककार, संगीतकार व रंगभूमीवरील आणि चित्रपटांतील नट. जन्म मुंबईतील गावदेवीचा. परंतु त्यांचे बालपण जोगेश्वरीच्या सरस्वती बागेत आणि विद्यार्जन पार्ले टिळक विद्यालयात झाल्यामुळे, अंधेरी तालुक्याच्या त्या काळच्या शांत, मध्यमवर्गीय वस्तीचे संस्कार त्यांच्या वृत्तीवर कायमचे उमटले. १९४६ मध्ये सुनीता ठाकूर यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

‘कुबेर’, ‘वंदे मातरम्’ इत्यादी चित्रपटांतून भूमिका केल्यानंतर ‘गुळाचा गणपती’ (१९५३) मध्ये कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि नायकाची भूमिका हा सारा कारभार त्यांनी स्वतः सांभाळला. तथापि त्यांच्या अभिनयाचा खरा साक्षात्कार झाला तो रंगमंचावर. ‘बटाट्याची चाळ’च्या एकपात्री प्रयोगांत, एका गिरगावी चाळीतील परस्परविरोधी स्वभावांची बिऱ्हाडे केवळ आवाजाची पट्टी, मानेचा झोक व हातांची हालचाल यांच्या बळावर हा एकटा नट प्रेक्षकांसमोर उभी करी, इतका आटोपशीर आणि तरीही इतका समृद्ध अभिनय मराठीत दुर्मिळच. शॉच्या ‘पिग्मॅलियन’चे त्यांनी केलेले ‘ती फुलराणी’ (१९७५) हे रूपांतर, लंडनच्या बोलीभेदाला अस्सल मराठी बोलींचा पर्याय दिल्यामुळे, मूळ नाटकाइतकेच स्वायत्त वाटते; भक्ती बर्वे यांनी त्यातील नायिका अजरामर केली.

पद्मश्री (१९६६), संगीत नाटक अकादमी पुरस्कार (१९६७) व पद्मभूषण (१९९०) हे सन्मान त्यांना लाभले. पुणे येथे त्यांचे निधन झाले. मुंबईत प्रभादेवी येथील राज्य शासनाची कला अकादमी त्यांच्या नावाने ओळखली जाते.