वैद्यकीय नीतिशिक्षण, छत्रपती संभाजीनगर

रुग्णाशी कसे बोलावे, त्याला काय आणि किती सांगावे, संमती कशी घ्यावी, त्याची खाजगी माहिती कशी राखावी आणि उपचारात चूक झाली तर कसे वागावे, हे भावी डॉक्टरांना शिकवणारा एमबीबीएस अभ्यासक्रमाचा भाग. शहरात तो प्रामुख्याने दोन ठिकाणी शिकवला जातो. एक, १९५६ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, ज्याला सारा मराठवाडा ‘घाटी’ म्हणून ओळखतो. दुसरे, महात्मा गांधी मिशनचे वैद्यकीय महाविद्यालय. पहिले नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेले आहे, दुसरे अभिमत विद्यापीठाचा घटक आहे. नीतिशिक्षणाचा आराखडा मात्र दोन्हीकडे दिल्लीहून, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाकडून येतो.

पूर्वस्थिती. २०१९ पर्यंत हा विषय न्यायवैद्यकशास्त्राच्या कोपऱ्यात होता. विष, जखमा, शवविच्छेदन यांच्या शेजारी डॉक्टरची कर्तव्ये, व्यावसायिक गोपनीयता, संमती आणि हलगर्जीपणा अशी प्रकरणे येत. त्यामुळे विद्यार्थ्याला नीती पहिल्यांदा भेटे ती कोर्टाच्या पायरीवर: काय केले तर नोंदणी रद्द होते, काय केले तर समन्स येते. २००२ चे व्यावसायिक आचारनियम परीक्षेपुरते पाठ होत.

या पद्धतीचा एक फायदा होता, तो म्हणजे खरे खटले. त्यांतला एक महाराष्ट्रातलाच आहे. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. पुण्यात आणल्यावर पुरेशी भूल न देता, जोर लावून हाड ओढून बसवले गेले, आणि तो दगावला. मुलाचे वडील स्वतः डॉक्टर होते. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्रिंबक बापू गोडबोले या नावाने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६८ च्या निकालाने डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली: रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार द्यावा हे ठरवताना आणि तो उपचार प्रत्यक्ष देताना, तिन्ही वेळी वाजवी काळजी घेणे. हलगर्जीपणाचे भारतीय कायदेशास्त्र आजही इथूनच शिकवायला घेतात.

एटकॉम. वृत्ती, नीती आणि संवाद या तिहींना एकत्र बांधणारी ‘एटकॉम’ ही पुस्तिका तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने २०१८ मध्ये काढली. २०१९ च्या तुकडीपासून ती लागू झाली. २७ घटक चारही टप्प्यांत विभागलेले आहेत. पहिल्या वर्षी डॉक्टर असणे म्हणजे काय, रुग्ण असणे म्हणजे काय, दोघांचे नाते, आणि शरीररचनाशास्त्राच्या दालनातला मृतदेह हा पहिला गुरू. पुढे स्वायत्तता, माहिती उघड करणे, गोपनीयता, औषध कंपन्यांशी संबंध, मृत्यूला सामोरे जाणे. व्याख्यानापेक्षा लहान गटातील चर्चेवर, प्रसंग मांडून तो उलगडण्यावर आणि विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेल्या टिपणांवर भर असतो. परीक्षेत त्यावर प्रश्न असतो, नोंदवही असते. आणि नोंदवही आली की तिची नक्कल करण्याची कलाही येते.

आराखड्यात दुसऱ्या टप्प्यातला एक घटक आजारी माणसाच्या कुटुंबीयावर आहे. अनेकांतला एक म्हणून तो येतो. घाटीत बसून पाहिले तर तोच पहिला असायला हवा होता.

घाटीतील रुग्ण आणि नातेवाईक. अकराशेहून अधिक खाटांच्या या रुग्णालयात जालना, बीड, परभणी, हिंगोली, शिवाय विदर्भातल्या बुलढाण्याहून रुग्ण येतात. पुष्कळदा तालुक्याच्या दवाखान्यातून, तिथून खाजगीतून, पैसे संपल्यावर ‘रेफर’ होऊन. केसपेपर काढणारा एक, खाटेजवळ बसणारी दुसरी, निर्णय घेणारा तिसरा, आणि तो कित्येकदा गावाकडून फोनवर. पाश्चात्त्य नीतिशास्त्राने गृहीत धरलेला एकटा, स्वतःपुरते ठरवणारा रुग्ण इथल्या वॉर्डात क्वचित भेटतो. न्यूरेंबर्ग संहितेपासून (१९४७) संमतीच्या केंद्रस्थानी व्यक्ती आहे, आणि ती तिथेच राहायला हवी. पण तिच्यापर्यंत पोहोचण्याचा रस्ता इथे नातेवाइकांच्या घोळक्यातून जातो, आणि तो कसा काढायचा हे शिकवावे लागते.

याची कसोटी सर्वांत जास्त लागते ती २०१२ मध्ये सुरू झालेल्या शासकीय कर्करोग रुग्णालयासारख्या ठिकाणी. “आईला सांगू नका, ती खचेल,” ही विनंती मुलगा डॉक्टरला बाजूला घेऊन करतो. आईला बहुधा सगळे कळलेले असते. पुस्तिकेप्रमाणे माहितीचा हक्क आईचा आहे. कसलेले शिक्षक विद्यार्थ्याला तिसरी वाट दाखवतात: आधी आईलाच विचारायचे की आजाराबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायचे आहे, आणि कोणाला सोबत बसवू.

भाषेचा प्रश्न वेगळाच. अखिल भारतीय कोट्यातील १५ टक्के जागांवरून आलेल्या अनेक विद्यार्थ्यांना मराठी येत नसते. सुरुवातीच्या पायाभूत अभ्यासक्रमात स्थानिक भाषेला जागा ठेवलेली आहे. पण वॉर्डात मराठवाडी बोलीबरोबर शहरातली दखनीही ऐकू येते, आणि “पोटात कालवतंय”, “जीव घाबरा होतोय” यांतून लक्षण वेगळे काढणे पुस्तकी मराठी आलेल्यालाही जड जाते.

संमती: बीडचा धडा. समीरा कोहली प्रकरणात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की एका शस्त्रक्रियेला दिलेली संमती दुसरीला लागू होत नाही. त्या खटल्यात तपासणीसाठी भूल दिलेल्या स्त्रीचे गर्भाशय आणि बीजाशय काढले होते. शेजारच्या बीड जिल्ह्यात हाच प्रश्न हजारोंच्या संख्येने उभा राहिला. ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये काढली जात असल्याचे २०१९ मध्ये गाजल्यावर शासनाने समिती नेमली. पाहणीतील ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. सही किंवा अंगठा मिळवणे यात अवघड नव्हते. मुकादमाची उचल, खाड्याचा दंड, फडात नसलेले पाणी आणि संडास, आणि ‘पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल’ ही भीती, यांतून दिलेला होकार किती मोकळा होता, हा प्रश्न उरतो. मराठवाड्यात शिकणाऱ्या डॉक्टरला संमती शिकवायची तर या प्रकरणाइतके चांगले उदाहरण आयात करावे लागत नाही.

न लिहिलेला अभ्यासक्रम. विद्यार्थी नीती शिकतो ती मुख्यतः राऊंडमध्ये. पडदा न ओढता तपासणी होते का, रुग्णाला नावाने हाक मारतात की खाट क्रमांकाने, पाठचे दोन दिवस न झोपलेला निवासी डॉक्टर नातेवाइकाला काय उत्तर देतो, हे तो पाहतो आणि तसा होतो. निवासी डॉक्टरांवरील हल्ल्यांमुळे महाराष्ट्राने २०१० मध्ये स्वतंत्र कायदा केला. ‘मार्ड’ या त्यांच्या संघटनेच्या संपांमागे सुरक्षेची मागणी वारंवार असते. वाईट बातमी सांगण्याचे कौशल्य म्हणूनच इथे सौजन्याइतकेच स्वतःच्या बचावाचेही ठरते. तथापि, गर्दी आणि मनुष्यबळाची तूट संवादकौशल्याने भरून निघत नाही, आणि तशी अपेक्षा विद्यार्थ्याकडून करणे अन्यायाचे आहे.

कट प्रॅक्टिस. रुग्ण पाठवल्याबद्दल मिळणारे कमिशन २००२ च्या नियमांनी निषिद्ध आहे. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांच्या ‘डिसेंटिंग डायग्नोसिस’ (२०१६) या पुस्तकात ७८ डॉक्टरांनी या व्यवहारावर उघड बोलून दाखवले. २०१७ मध्ये राज्याने कटविरोधी कायद्याचा मसुदा केला, पण कायदा झाला नाही. वर्गात हा विषय सावधपणे निघतो. इंटर्नशिप संपवून खाजगी व्यवसायात उतरणाऱ्याला तो पहिल्या महिन्यातच गाठतो.

सद्यस्थिती. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना काही कुटुंबे दत्तक देऊन गावात जाण्याचा कार्यक्रम अलीकडे जोडला गेला आहे. त्यात विद्यार्थी रुग्णाच्या घरी पाहुणा असतो, आणि कोणाच्या शब्दाला तिथे वजन आहे हे त्याला चहाच्या वेळीच कळते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधाला संस्थेच्या नीतिसमितीची मान्यता लागते. आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे आचारनियम आणले आणि त्याच महिन्यात स्थगित केले. त्यानंतर पुन्हा २००२ चेच नियम लागू झाले.