निस्कर्नचे ‘बीकसेज’ : पाइन बॅरन्समधील दुर्मिळ लव्हाळे

ऱ्हिंकोस्पोरा निस्कर्नी ही मोथा कुलातील (सायपरेसी) एक दुर्मिळ वनस्पती असून तिचा बहुतेक सर्व ज्ञात आढळ न्यू जर्सी राज्याच्या दक्षिण भागातील पाइन बॅरन्स या वालुकामय, आम्लधर्मी प्रदेशात आहे. डेलावेअरमधूनही तिची जुनी नोंद आहे. महाराष्ट्रात परिचित असलेले लव्हाळे व नागरमोथा याच कुलातील होत.

प्रजातीचे नाव ‘चोच’ व ‘बीज’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून आले आहे. फुलातील किंजलाचा तळभाग फळ पिकल्यावरही गळून न पडता त्याच्या टोकावर चोचीसारखा राहतो. त्यावरूनच ‘बीकसेज’ हे इंग्रजी नाव रूढ झाले. जातिवाचक नाव डॉ. पीटर निस्कर्न या वैद्यकीय व्यावसायिक व वनस्पती-अभ्यासकाच्या सन्मानार्थ दिलेले आहे. जॉन केरी यांनी 1847 मध्ये या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले.

ही ओषधी झुबक्याने वाढते. तिची उंची काही सेंटिमीटरांपासून सुमारे 60 सेंटिमीटरांपर्यंत असते. खोड सडपातळ, पाने अरुंद, रेषाकृती, कणिशके लहान, तपकिरी, खोडावर अंतराअंतराने गुच्छांत येतात. फळ शुष्क, एकबीजी, लांबीला एक मिलिमीटरहून किंचित अधिक असते. त्याच्याभोवतीचे राठ केस म्हणजे ऱ्हास पावलेले परिदल होय. फळे उन्हाळ्याच्या उत्तरार्धात पिकतात. ती भिंगाखाली तपासल्याशिवाय निकटच्या जातींपासून ही जात निश्चितपणे वेगळी ओळखणे कठीण असते.

ही वनस्पती ओलसर, उघड्या जमिनीवरच तग धरते. उंच झुडपांच्या सावलीत ती टिकत नाही. लोहयुक्त भूजल हवेच्या संपर्कात येऊन ओढ्यांकाठी लोहखनिजाचे थर साचतात, तेथे इतर झाडोरा विरळ राहतो व हिला जागा मिळते. याच खनिजावर 1766 मध्ये स्थापन झालेला बॅट्स्टो येथील लोखंडाचा कारखाना चालत असे. वणवे आणि पूरही पूर्वी अशा मोकळ्या जागा निर्माण करीत. वणवे आटोक्यात आणल्यापासून रान दाट होत गेले. आज ही वनस्पती वाळू-मातीच्या जुन्या खाणी, कच्च्या रस्त्यांच्या कडा व वीजवाहिन्यांखालचे पट्टे अशा मानवनिर्मित ठिकाणीही आढळते.

अमेरिकेच्या संघीय शासनाने 1991 मध्ये संकटग्रस्त जाती कायद्याखाली तिला ‘धोक्यात आलेली’ जात म्हणून संरक्षण दिले. पाइनलँड्स राष्ट्रीय राखीव क्षेत्र त्याआधीच, 1978 मध्ये, अस्तित्वात आले होते. त्यामुळे बांधकामावर नियंत्रण आले. परंतु जमिनीला केवळ कुंपण घालून या जातीचे रक्षण होत नाही. झुडपे वाढली की ती दिसेनाशी होते आणि वाहनांची अतिरेकी वर्दळ झाली तर तुडवली जाते. वेळोवेळी झाडोरा काढणे व नियंत्रित आग लावणे, म्हणजेच जमीन मापाने विस्कटत राहणे, हा तिच्या संवर्धनाचा आवश्यक भाग ठरतो.