आंदोलकांचे समकालन आणि रामन यांचे पूर्वसंशोधन

चंद्रशेखर वेंकट रामन हे १९१० साली नागपूरला बदलून आले, तेव्हा ते वित्त खात्यातील एक तरुण अधिकारी होते. मध्यप्रांत व वऱ्हाडच्या या राजधानीतील त्यांचा मुक्काम अल्पकाळाचाच ठरला. १९११ मध्ये ते पुन्हा कलकत्त्यास गेले. १९९२ मध्ये नागपुरात त्यांच्या नावाचे विज्ञान केंद्र उभे राहिले. ते नाव ऐकताच १९२८ चा प्रकाशाच्या विकिरणाचा शोध आठवावा, हे स्वाभाविकच होय. तथापि नागपूरच्या वास्तव्याच्या आगेमागे प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या टिपणांतून वारंवार भेटते ती तानलेली तार. त्या तारेचा आणि सिंथेसायझर या विद्युत्-वाद्यातील ‘सिंक’ नामक युक्तीचा संबंध कितपत आहे, हे तपासण्यासारखे आहे. अभिमानापोटी असे संबंध फार लवकर जोडले जातात.

रामन यांचा प्रश्न मेल्डे या जर्मन शास्त्रज्ञाच्या प्रयोगातून निघालेला होता. तारेचे एक टोक नादकाट्याला बांधून काट्याची हालचाल तारेच्या लांबीच्या दिशेने ठेवली, तर तारेचा ताण काट्याच्या प्रत्येक कंपनाबरोबर कमीअधिक होतो आणि तार काट्याच्या निम्म्या गतीने डोलू लागते. लॉर्ड रॅले यांनी याची मीमांसा केली होती. १९०९ व १९१० साली ‘नेचर’मध्ये रामन यांनी दाखविले ते याच्या पुढचे होते. काट्याची कंपने सेकंदाला १०० असतील, तर केवळ ५० च्या नव्हे, तर १००, १५०, २०० अशा स्वरांना लावलेल्या ताराही त्या काट्याच्या बळावर कंप पावत राहू शकतात. तार किंचित बेसूर लागलेली असली तरी ती आपला हट्ट सोडते आणि काट्याच्या हिशेबात बसते.

आता सिंथेसायझरकडे वळू. त्यातील आंदोलकाचा करवती तरंग बहुधा असा निर्माण होतो: विद्युत्-धारित्र हळूहळू भरत जाते, ठराविक पातळीस पोहोचताच एकदम रिकामे होते आणि पुन्हा भरू लागते. सिंकमध्ये असे दोन आंदोलक असतात; एकास अधिपती व दुसऱ्यास अनुगामी म्हणता येईल. अधिपतीचे नवे आवर्तन सुरू होताच अनुगामीचे धारित्र, ते कितीही भरलेले असो, सक्तीने रिकामे केले जाते. अधिपतीची कंपने सेकंदाला २०० आणि अनुगामीची ३४० धरली, तर अधिपतीचे एक आवर्तन ५ मिलिसेकंदांचे होते. तेवढ्या अवधीत अनुगामी १.७ आवर्तने करतो. म्हणजे एक पूर्ण होते, दुसरे अर्ध्यावरून थोडे पुढे जाऊन तुटते आणि आरंभ पुन्हा पहिल्यापासून होतो. हा सबंध आकार सेकंदाला २०० वेळा तसाच्या तसा उमटत असल्यामुळे फूरिए यांच्या सिद्धांतानुसार त्यातील सर्व उपस्वर २०० च्या पूर्णांकी पटीत पडणे अटळ आहे. म्हणून स्वर अधिपतीचा ऐकू येतो. अनुगामी ठरवितो ती त्याची जात. अनुगामीस ३४० वरून ५०० वर नेले, तर स्वर जागचा हलत नाही, पण नादातील जोर वरच्या उपस्वरांकडे सरकतो. या वाद्याचा सुपरिचित, किंचाळल्यासारखा आवाज तो हाच. एक विचित्र गोष्टही यातच दडलेली आहे. अनुगामी नेमका ६०० वर आला की त्याची तीन आवर्तने पुरी होतात, तोडण्यासारखे काही उरत नाही, आणि २०० चा स्वर नाहीसा होतो.

या युक्तीची वंशावळ बहुधा हायगेन्स यांनी १६६५ मध्ये पाहिलेल्या दोन लंबक-घड्याळांपासून सांगितली जाते. पुढे ऑर्गनच्या नळ्यांवरील रॅले यांची निरीक्षणे, १९२२ चे अॅपलटन यांचे संशोधन आणि १९२७ मध्ये व्हान डेर पोल व व्हान डेर मार्क यांनी निऑन दिव्याच्या मंडलावर केलेला प्रयोग येतो. ही वंशावळ अर्धीच खरी मानावी लागते. घड्याळांचे काय किंवा नळ्यांचे काय, समकालन तेथे एका मर्यादेतच टिकते. दोघांच्या गतींतील अंतर वाढले की बंधन तुटते आणि डोल ऐकू येऊ लागतात. सिंकमध्ये अनुगामीला अशी सुटका नाही. त्याचे खरे नाते आहे ते दूरचित्रवाणीच्या पडद्यावर रेषा आखणाऱ्या करवती तरंगाशी. तो तरंगही केंद्राकडून येणाऱ्या स्पंदाबरोबर पुन्हा आरंभ करीत असे. रामन यांच्या तारेपासून येथवर सरळ वाट निघत नाही.

मात्र नाद सुरेल का होतो, या प्रश्नाची दोन भिन्न उत्तरे रामन यांच्याच पुढील कार्यात सापडतात, आणि सिंक समजून घेण्यास ती अतिशय उपयुक्त आहेत. १९१८ च्या प्रबंधात त्यांनी गजाने वाजणाऱ्या तारांची मीमांसा केली. तार गजाला चिकटते, सुटते, पुन्हा चिकटते. हा क्रम प्रत्येक आवर्तनात नियमाने घडतो, म्हणून उपस्वर पूर्णांकी राहतात. १९२० मध्ये शिवकाली कुमार यांच्यासह त्यांनी तबला-मृदंगाचा विचार केला. तेथे पुनरावृत्तीची सक्ती कोणी करीत नाही. शाईच्या भारामुळे चामड्याची घडणच अशी होते की उपस्वर जवळजवळ पूर्णांकी पटीत येतात. सिंकचा नाद सारंगीच्या कुळातील आहे, तबल्याच्या नव्हे.

१९७२ च्या आर्प ओडिसीत व १९७८ च्या प्रॉफेट-५ मध्ये ही सोय होती. रोलँडच्या जुपिटर-८ मध्येही ती होती आणि हे वाद्य मुंबईत चरणजित सिंग यांच्या हाती होते. १९८२ मध्ये निघालेल्या ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ या तबकडीसाठी त्यांनी त्याच्या जोडीला टीबी-३०३ हे मंद्रस्वरांचे आणि टीआर-८०८ हे तालाचे यंत्र वापरले. तबकडी त्या वेळी फारशी खपली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाल्यावर तिची चर्चा जगभर झाली. या दोन यंत्रांना एकाच स्पंदमालेने बांधण्याची व्यवस्था असते आणि तिलाही सिंकच म्हणतात. तेथे एका मात्रेला २४ स्पंद पडतात. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत ते सेकंदाला ४८ होतात.