अभियांत्रिकी विद्यार्थिजीवन (मुंबई)

मुंबईतील अभियांत्रिकी विद्यार्थिजीवन म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत चार वर्षांची पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यांचे शैक्षणिक, आर्थिक व सामाजिक जीवन होय. या विद्यार्थिवर्गात शहरातील मुलांबरोबर ठाणे, रायगड, पालघर व कोकणातून आलेल्या मुलांचाही समावेश होतो. पालघर जिल्ह्याच्या तलासरी तालुक्यातील वेवजीसारख्या गुजरात सीमेलगतच्या गावातून येणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने अभ्यासाइतकाच प्रवास, निवास आणि भाषा यांचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

पार्श्वभूमी

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली. शहरातील तंत्रशिक्षणाची जुनी संस्था असलेली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १८८७ साली सुरू झाली व १९२३ साली माटुंगा येथील सध्याच्या जागेत आली. १९९७ मध्ये तिचे नाव वीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट असे करण्यात आले. संक्षिप्त नाव ‘व्हीजेटीआय’ हेच राहिले. अंधेरीचे सरदार पटेल अभियांत्रिकी महाविद्यालय १९६२ साली सुरू झाले. १९८३ मध्ये राज्य शासनाने विनाअनुदानित खासगी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्यानंतर जागांची संख्या वाढली, तसा शुल्काचा भारही वाढला. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था (१९५८) या विद्यापीठाशी संलग्न नाही.

प्रवेश

बारावीनंतरचा प्रवेश राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा आणि केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांद्वारे होतो. पदविकाधारकांना थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. विद्यार्थ्यांच्या बोलीत त्यांना ‘डिप्लोमावाले’ म्हणतात. अनुसूचित जमातींसाठी राज्यात ७ टक्के जागा राखीव असून या जागेवरील प्रवेशासाठी जातवैधता प्रमाणपत्र लागते. जुने महसुली व शाळेचे दाखले मिळवणे हे अनेक आदिवासी कुटुंबांसाठी प्रवेश परीक्षेइतकेच अवघड काम असते. त्यामुळे त्याची तयारी अकरावीपासूनच करावी लागते.

अभ्यासक्रम व दिनक्रम

पहिल्या वर्षाचे विषय सर्व शाखांना बहुतांशी समान असतात. गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, यामिकी आणि अभियांत्रिकी आरेखन यांबरोबर कार्यशाळेत फिटिंग, सुतारकाम, वेल्डिंग यांचे ‘जॉब’ करावे लागतात. प्रत्येक प्रयोगाची नोंद जर्नलमध्ये करून ती तपासून घ्यावी लागते. सत्राच्या अखेरीस सर्व जर्नले, असाइनमेंट व आरेखनाच्या शीट पूर्ण करून देण्याच्या धावपळीस ‘सबमिशन’ म्हणतात. काचेखाली दिवा लावून दुसऱ्याची शीट छापून घेण्याच्या प्रकारास ‘जीटी मारणे’ हा जुना शब्द आहे. संगणकीय आरेखन रुळल्यापासून तो मागे पडत चालला आहे. सबमिशननंतर तोंडी परीक्षा आणि मग अभ्यासाची रजा, म्हणजे ‘पीएल’, असा क्रम असतो.

परीक्षा आणि केटी

विद्यापीठाच्या २०१२ नंतरच्या पद्धतीत सर्वसाधारण लेखी विषयाला ८० गुणांची सत्रान्त परीक्षा व २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन असे. उत्तीर्ण होण्यास दोन्हींत ४० टक्के गुण आवश्यक असत. अनुत्तीर्ण विषय शिल्लक ठेवून पुढे जाण्याची जी मुभा मिळते तिला ‘एटीकेटी’ व बोलीत नुसते ‘केटी’ म्हणतात. मात्र या मुभेला मर्यादा आहे. पहिल्या वर्षाचे सर्व विषय सुटल्याखेरीज तिसऱ्या वर्षात बसता येत नाही. गणिताचा एकच विषय राहिल्याने वर्ष वाया गेलेले विद्यार्थी त्यामुळे दरवर्षी आढळतात.

२०१७ मध्ये विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत लागू केली. तेव्हा विविध अभ्यासक्रमांचे निकाल अनेक आठवडे लांबले आणि उच्च शिक्षणासाठी व नोकरीसाठी गुणपत्रिका हवी असलेल्या विद्यार्थ्यांची कोंडी झाली. त्याच वर्षी तत्कालीन कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले.

प्रवास व निवास

बहुसंख्य विद्यार्थी घरूनच लोकलने ये-जा करतात. महाविद्यालयाच्या पत्रावर मिळणारा सवलतीचा रेल्वे पास ही त्यांची पहिली गरज असते. पश्चिम रेल्वेची उपनगरी सेवा २०१३ मध्ये डहाणू रोडपर्यंत वाढली. चर्चगेटपासून हे अंतर सुमारे १२४ किलोमीटर आहे. तलासरी तालुका त्याही पलीकडे असल्याने वेवजीहून दररोज मुंबईत येणे व्यवहारात जमत नाही. विद्यार्थ्यास वसतिगृह, नातेवाइकांचे घर किंवा चार-पाच जणांनी मिळून घेतलेली भाड्याची खोली यांपैकी काहीतरी गाठावे लागते.

आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयंम् योजना आहे. तिच्यातून भोजन व निवासाची रक्कम थेट बँक खात्यात जमा होते. शुल्क परतावा व शिष्यवृत्तीचे अर्ज ‘महाडीबीटी’ संकेतस्थळावरून होतात. रक्कम हप्त्यांनी येते, खानावळीचे पैसे मात्र दरमहा द्यावे लागतात. या दोहोंतील अंतर बहुधा उसनवारीने भरून काढले जाते. २०२४-२५ पासून राज्याने वार्षिक ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या, पात्र प्रवर्गांतील कुटुंबांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्कात पूर्ण सवलत दिली.

भाषेचा प्रश्न

तलासरी परिसरात घरी वारली, शाळेत मराठी आणि बाजारात गुजराती अशी त्रिभाषिक परिस्थिती सर्रास आढळते. अशा विद्यार्थ्यास पहिल्या वर्षी इंग्रजी व्याख्यानांशी एकदम सामना करावा लागतो. येत असलेले उत्तर तोंडी परीक्षेत सांगता न येणे हा त्याचा नेहमीचा अनुभव असतो. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास मान्यता दिली. त्यानुसार पिंपरी-चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयाने मराठीतून संगणक अभियांत्रिकीचा वर्ग सुरू केला. नोकरीच्या मुलाखती इंग्रजीतच होत असल्याने हा पर्याय निवडताना अनेक विद्यार्थी कचरतात.

अभ्यासेतर जीवन

महाविद्यालयांचे स्नेहसंमेलन व तंत्रमहोत्सव विद्यार्थीच भरवतात. व्हीजेटीआयचे ‘टेक्नोव्हान्झा’ आणि ‘प्रतिबिंब’ हे त्यांपैकी प्रसिद्ध आहेत. शर्यतीची गाडी, यंत्रमानव किंवा ड्रोन स्वतः बांधून स्पर्धांत उतरणारे विद्यार्थीगट अनेक ठिकाणी आहेत. विद्यापीठाच्या युवा महोत्सवात व आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धांतही अभियांत्रिकीचे विद्यार्थी भाग घेतात.

शेवटच्या वर्षी प्रकल्प आणि परिसर मुलाखती बरोबरच चालतात. मुलाखतीला बसण्यासाठी अनेक कंपन्या ‘एकही केटी शिल्लक नसावी’ अशी अट घालतात. त्यामुळे पहिल्या वर्षी राहिलेल्या एका विषयाचा परिणाम चौथ्या वर्षापर्यंत पोहोचतो. दूरच्या गावातून आलेल्या विद्यार्थ्यास हा धोका अधिक असतो, कारण भाषा, निवास आणि शिष्यवृत्ती या तिन्ही अडचणी पहिल्याच वर्षी एकत्र येतात.

हे सुद्धा पहा

मुंबई विद्यापीठ
वीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट
पालघर जिल्हा
तलासरी तालुका