पानिपत रोज होत नसतं, राजेहो!

मागच्या सीझनला आमच्या वणीत टेनिस बॉल क्रिकेटची फायनल होती. बॅनरचा मजकूर मी लिहिला: 'आज पानिपत होणार!' स्टेटसला जाम चालला. मॅच संपली अन् दोन्ही टीमची पोरं एकमेकांवर धावून गेली. एकाच्या डोक्याला चार टाके. बॅनरमुळे भांडण झालं असं मी म्हणत नाही. पण व्हिडिओत त्या पोराच्या मागे माझंच बॅनर दिसत होतं.

मग म्हटलं, हे शब्द येतात कुठून ते तरी बघू.

मराठी क्रीडापानाचा शस्त्रसाठा बराचसा आपल्या इतिहासातला आहे. शेवटच्या जोडीने मॅच वाचवली की 'खिंड लढवली'. १६६० साली बाजीप्रभूंनी खिंड अडवली ती शत्रूला हरवायला नाही, महाराज विशाळगडावर पोचेपर्यंत वेळ काढायला. ड्रॉसाठी चिवटपणे उभा राहणारा बॅट्समनही वेळच काढतो. म्हणजे हा शब्द नेमका बसतो, मला तो आवडतोही. मॅच जिंकली पण कॅप्टन जखमी झाला, की लगेच 'गड आला पण सिंह गेला'. इथे जरा अति होतं. १६७० साली कोंढाण्यावर तानाजी परत उठले नव्हते. कॅप्टन पुढच्या सिरीजला येतो.

आणि 'पानिपत'? १४ जानेवारी १७६१. विश्वासराव गेले, सदाशिवरावभाऊ गेले, हजारो माणसं एका दिवसात गेली. त्याच वर्षी जूनमध्ये नानासाहेब पेशवेही गेले. त्या दिवसाचं नाव आपण आठ विकेटने हरण्याला देतो. मीही दिलं.

१९९९ ची गोष्ट घ्या. कारगिलमध्ये लढाई चालू असताना ८ जूनला मँचेस्टरला भारत-पाकिस्तान वर्ल्ड कपची मॅच झाली. भारत ४७ धावांनी जिंकला, व्यंकटेश प्रसादने पाच विकेट काढल्या. 'हल्ला', 'मारा', 'शरणागती' हे शब्द त्या दिवसांत डोंगरावरही खरे होते.

मरणाची भाषा खेळात जुनीच आहे म्हणा. कबड्डीत 'चढाई' असते, बाद झालेल्याला आपण 'मेला' म्हणतो. पण संजीवनी प्रकारात समोरचा एक गडी मेला की आपला मेलेला गडी जिवंत होऊन आत येतो. हा नियम ज्याने केला त्याला माझा सलाम.

यंदाच्या बॅनरवर मी फक्त टीमची नावं, तारीख आणि बक्षीस लिहून दिलं. कमिटीतला एक भाऊ म्हणाला, "असं बॅनर कोण वाचते बे?"